चालेल हो, आपल्या वेळेने चालेल

बाळ लहान असतं तेव्हा भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "नाव काय ठेवलं?" वर्ष उलटलं की प्रश्न बदलतो. "चालायला लागलं का?" लग्नाच्या मांडवात, मासळी घेताना, ईदच्या भेटीला आल्यावर, सगळीकडे तोच प्रश्न. उत्तर "हो" असेल तर विचारणारा लगेच दुसऱ्या विषयाकडे वळतो. उत्तर "अजून नाही" असेल तर मात्र तो तिथेच बसतो, आणि आपल्या घरातलं कोणतं मूल कितव्या महिन्यात धावलं याची यादी सुरू होते.

वाचक भगिनी-बंधूंनो, या महिन्यात या प्रश्नाबद्दलच बोलू या. गेलं वर्षभर तो आमच्या ओसरीवर ठाण मांडून होता.

आम्ही म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातले दादा-दादी. मुलगा कतारला नोकरीला. सून आणि नातू आमच्याजवळ. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांची हीच घडण आहे. अकिक्याला बाप हजर असतो, आणि दात येताना, रांगताना, पहिलं पाऊल टाकताना तो फोनच्या पडद्यावर असतो. त्यामुळे बाळाच्या वाढीकडे बघणारे डोळे घरात कमी नसतात, पण ज्याला सर्वांत जास्त बघायचं असतं तो दूर असतो. आईला तर दोन बाजूंनी उत्तर द्यावं लागतं. इकडे शेजारपाजारचे विचारतात, तिकडून नवरा विचारतो.

आमचा नातू चौदा महिन्यांचा झाला तेव्हा भिंतीला धरून खोलीभर फिरत होता, पण भिंत सोडत नव्हता. शेजारच्या घरातली मुलगी दहाव्या महिन्यातच चालली होती. सूनेची झोप उडाली. रात्री ती बाळाचे पाय दाबून बघायची. "अम्मी, याच्या पायात कमजोरी तर नाही ना?" असं तिने दोनदा विचारलं, तेव्हा आम्ही लसीकरणाचं कार्ड घेतलं आणि तिला व बाळाला घेऊन तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञाकडे गेलो. डॉक्टरांनी बाळाला उभं केलं, बसवलं, खेळणं पुढे धरलं, दोन्ही पाय हलवून पाहिले. मग जे सांगितलं ते प्रत्येक घराने लिहून ठेवावं असं आहे.

मुलं किती महिन्यांत काय करतात हे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी बाळांचं निरीक्षण करून पाहिलं आहे. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका हे ते देश. २००६ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. आधाराशिवाय बसणं साधारण ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान. हात आणि गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने. आधाराशिवाय उभं राहणं ६.९ ते १६.९ महिने. आणि स्वतःच्या पायांनी चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं मूलही ठीक आणि सतराव्या महिन्यात चालणारंही ठीक. मधल्या आठ-नऊ महिन्यांत कोण पुढे, कोण मागे, याला काही अर्थ नाही. याच पाहणीत शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बसून सरकत गेलं, कुणी पोटावर सरपटलं, आणि मग उभं राहिलं.

पायांच्या आकाराचंही असंच. नुकतं चालू लागलेलं मूल पाय फाकवून, हात वर धरून, बदकासारखं चालतं. त्याचे पाय किंचित धनुष्यासारखे वाकलेले दिसतात, तळवा सपाट असतो. दोन वर्षांच्या आसपास हा बाक बहुतेक मुलांत आपोआप सरळ होतो. दादी-नानीने तेल लावून मालिश जरूर करावी. बाळाला तो स्पर्श आवडतो, आणि दादी-नानीलाही. पण पाय सरळ करण्यासाठी ओढाताण करायची गरज नाही.

मग डॉक्टरांकडे जायचं कधी? हेही स्पष्ट माहीत हवं, कारण "चालेल हो" म्हणत नको तितकं थांबणंही बरं नाही. नऊ-दहा महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. अठरा महिने झाले तरी चालत नाही. एकच हात किंवा एकच पाय वापरतं, दुसरा ओढतं. हाक मारली तरी वळत नाही, आवाजाकडे बघत नाही. सोळा-सतरा महिने झाले तरी अर्थाचा एकही शब्द नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, आधी जे येत होतं ते बंद झालं. यातलं काहीही दिसलं तर लोक काय म्हणतील याचा विचार करत बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत येऊन मुलांना तपासतात, आणि गरज पडली तर पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. याला पैसे पडत नाहीत. अंगणवाडीताईला किंवा आशाताईला विचारलं की पथक कधी येणार ते कळतं.

त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना सून बसमध्ये झोपली. कित्येक दिवसांनी ती अशी निवांत झोपली होती.

वॉकरचा विषय निघालाच. आखातातून येणाऱ्यांच्या सामानात तो हमखास असतो. बाळाला मध्ये बसवायचं, खाली चाकं, समोर वाजणारी बटणं. आमच्याकडेही एका नातेवाइकाने पाठवण्याची तयारी दाखवली. आम्ही शुक्रिया म्हणून नको सांगितलं. वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही. उलट त्यात बसून ते क्षणात पायरीपर्यंत, चुलीपर्यंत पोहोचतं. कॅनडाने २००४ सालापासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. त्यापेक्षा आपला जुना लाकडी पांगुळगाडा बरा. त्यात मूल बसत नाही, उभं राहून ढकलतं. भार त्याच्याच पायांवर असतो, आणि तोल सांभाळायला तेच शिकतं. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या दुकानांत तो अजून मिळतो. तोही मिळाला नाही तर बसायचा जड पाट किंवा स्टूल पुरे. घरात लादी असेल तर मोजे घालू नयेत, पाय घसरतो. अनवाणी चालू द्यावं.

आता जेवणाबद्दल. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळजवळ तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ वर्षाला नऊ किलोंच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. शिवाय पाय फुटलेले असतात, सगळं घर बघायचं असतं, बसून खायला वेळ कुणाला? नेमकं याच वेळी घरात ओरड सुरू होते. "पोर सुकलं. आई लक्ष देत नाही." गुटगुटीत बाळ लांब, सडपातळ होऊ लागतं आणि दोष आईच्या माथी येतो. भगिनींनो, कुणी असं म्हणालं तर कार्डावरचा वजनाचा आलेख दाखवा. रेषा वर जात असेल तर बाळ ठीक आहे. रेषा आडवी झाली किंवा खाली आली तरच काळजी करायची.

या वयात मऊ भात-वरण, नाचणीचं सत्त्व, अंडं, काटे नीट काढलेला मासा, केळं, कुस्करलेला खजूर, घावण्याचा तुकडा असं घरचंच अन्न द्यावं. घास त्याच्या हातात द्यावा. अर्धा खाईल, अर्धा केसांना लावील. चालेल. चहात बुडवलेलं बिस्किट मात्र टाळावं. त्याने पोट भरतं, अंगाला काही लागत नाही, आणि चहामुळे अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, फुटाणे घशात अडकतात, म्हणून देऊच नयेत. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. घुट्टीत मध देण्याची आपल्याकडे रीत आहे, पण मधातून होणारा बोट्युलिझम नावाचा आजार तान्ह्या बाळांना जिवावर बेतू शकतो. वर्षानंतर मध द्यायला हरकत नाही.

अंगावरचं दूध कधी सोडवायचं, हा आणखी एक प्रश्न. "आता चालायला लागला, सोडव" असं सूनेला तिघी-चौघींनी सांगितलं. पवित्र कुरआनच्या सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत, ज्यांना पूर्ण मुदत पाजायची आहे त्यांच्यासाठी दोन वर्षं सांगितली आहेत. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षं आणि त्यापुढेही वरच्या अन्नाबरोबर दूध चालू ठेवा म्हणते. त्याच आयतीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. त्याआधी सोडवायचं असेल तर आई आणि बापाने एकमेकांच्या राजीखुशीने आणि सल्ल्याने ठरवावं, असं तिथे आहे. म्हणजे हा निर्णय शेजारणीचा नाही, सासूचाही नाही. आई-बापाचा आहे. आमच्या घरात तो फोनवर झाला. मुलगा म्हणाला, "तुझी तब्येत काय म्हणते ते सांग, त्याप्रमाणे करू." सूनेने चालू ठेवायचं ठरवलं.

फोनचं नाव निघालं म्हणून हेही सांगू. दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यापासून लांब ठेवा, असं सगळे तज्ज्ञ सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही एक वर्षाच्या मुलाला बसवून पडदा दाखवू नये असंच आहे. घास भरवताना मोबाईल समोर ठेवला की मूल तोंड उघडतं खरं, पण आपण काय खातोय, पोट भरलं का, याकडे त्याचं लक्षच राहत नाही. मग परदेशातल्या बापाचं काय? इथे तज्ज्ञांनीच वाट मोकळी ठेवली आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली अठरा महिन्यांखालच्या मुलांना पडदा नको म्हणताना व्हिडिओ कॉल तेवढा वगळला. कारण त्यात समोरचं माणूस मुलाच्या हसण्याला हसून उत्तर देतं. कार्टून तसं देत नाही.

आमच्याकडे कॉलची वेळ ठरलेली आहे. इथे संध्याकाळचे साडेसात वाजले की कतारला पाच वाजलेले असतात. मुलगा कामावरून आलेला असतो. तो बाळाला काय काय दाखवतो म्हणाल? चमचा दाखवतो, टोपी घालतो-काढतो, तोंड लपवून "भॉक" करतो. आम्ही फोन धरतो, म्हणजे सूनेचे हात मोकळे राहतात. दहा मिनिटांनी बाळ कंटाळतं आणि निघून जातं. त्यानंतर नवरा-बायकोला बोलू द्यावं, आणि आपण बाळाला घेऊन अंगणात जावं. हेही दादा-दादीचं काम आहे.

पंधरावा महिना संपता संपता, एका दुपारी, नातवाने भिंत सोडली. चार पावलं टाकली आणि बसला. पुन्हा उठला. सूनेने त्याचा व्हिडिओ काढला नाही. तिने सरळ फोन लावला आणि म्हणाली, "आज भिंत सोडली." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग मुलाने विचारलं, "कुणाकडे गेला?" ती म्हणाली, "तुमच्या चपलांकडे." गेल्या खेपेच्या त्या चपला दाराजवळ तशाच होत्या.

सतराव्या महिन्यात मुलगा रजेवर आला. हा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर लिहितो आहोत, कारण अशी अनेक घरं हे वाचत असतील. विमानतळावरून घरी येईपर्यंत त्याला वाटत होतं की पोरगा धावत येईल. पोरगा आईच्या दुपट्ट्यात घुसला आणि मोठ्याने रडला. संध्याकाळी साडेसात वाजता तो सवयीने फोनकडे बोट दाखवून "अब्बा, अब्बा" म्हणू लागला, आणि समोर बसलेल्या अब्बाकडे बघून तोंड फिरवू लागला. आमच्या मुलाचा चेहरा त्या वेळी बघवत नव्हता.

पण यात बाळाचा काही दोष नाही आणि आईनेही काही शिकवलेलं नसतं. या वयात मूल ओळखीच्या माणसांना घट्ट धरतं आणि नव्या माणसाला घाबरतं. ते त्याच्या अकलेचं लक्षण आहे. फोनमधला अब्बा हाताएवढा असतो. त्याला वास नसतो, दाढी टोचत नसते. दारातून आलेला उंच माणूस तोच आहे हे जोडायला त्याला थोडे दिवस लागतात. अशा वेळी बाळाला ओढून मांडीवर घेऊ नये. "अब्बाला ओळखत नाहीस?" म्हणून हसूही नये. मुलाने काय केलं, तर तो जमिनीवर बसला. बाळाकडे न बघता चेंडू भिंतीवर टाकत राहिला. फोनवरचा तोच टोपीचा खेळ केला. पहिल्या दिवशी बाळ लांबून बघत राहिलं. दुसऱ्या दिवशी चेंडू उचलून पळालं. चौथ्या दिवशी सकाळी ते आपण होऊन आलं आणि त्याच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं. त्यानंतर महिनाभर त्याने बापाला एकट्याने न्हाणीघरातही जाऊ दिलं नाही.

परत जाताना बरेच जण बाळ झोपलेलं असताना निघून जातात. रडणं बघवत नाही म्हणून. आमची विनंती आहे, असं करू नका. जागं असताना, मांडीवर घेऊन, "अब्बा कामाला जातो, साडेसात वाजता फोन करतो, खुदा हाफिज" असं सांगून निघावं. बाळ रडेल. रडू द्या. न सांगता नाहीसं झालेल्या माणसाला मूल दारामागे, पलंगाखाली शोधत राहतं, आणि मग आई जरा नजरेआड झाली तरी घाबरतं. निरोप घेऊन गेलेला माणूस आणि ठरलेल्या वेळेला येणारा फोन, यांचा मेळ त्याला हळूहळू लागतो.

बोलण्याबद्दलही थोडं. आमच्या घरात कोकणी बोली, नानीच्या घरी उर्दू, अंगणवाडीत मराठी. इतक्या भाषांनी मूल गोंधळेल, उशिरा बोलेल, अशी भीती लोक घालतात. तसं नाही. शब्द मोजायचे असतील तर सगळ्या भाषांचे मिळून मोजावेत. आमचा नातू मांजराला नानीकडे "बिल्ली" म्हणतो आणि शेजारी "माऊ" म्हणतो. ते दोन शब्द झाले. दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द आणि "पानी दे", "दादी चल" अशा दोन-दोन शब्दांच्या जोड्या जमल्या म्हणजे ठीक चाललं आहे. त्यासाठी खेळणं लागत नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना त्याच्याशी बोलत राहावं, एवढंच.

चालता येऊ लागलं की मूल नमाजच्या चटईवर येतंच. सजद्यात गेलं की पाठीवर चढतं. काहींना याचा राग येतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपली नात उमामा (रजि.) हिला कडेवर घेऊन नमाज अदा केल्याचं, सजद्यात जाताना तिला खाली ठेवून उठताना पुन्हा उचलून घेतल्याचं सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. नातू पाठीवर चढला म्हणून त्यांनी सजदा लांबवल्याचीही रिवायत आहे. मग आपण का चिडावं? आमचा नातू अजून नीट बोलत नाही, पण चटई दिसली की कपाळ टेकवतो आणि आम्ही बघतोय का ते तिरक्या नजरेने पाहतो.

चालणाऱ्या मुलासाठी घर पुन्हा एकदा गुडघ्यांवर बसून बघावं. पाण्याने भरलेली बादली रिकामी करावी किंवा झाकावी, कारण थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. विहिरीला जाळी हवी. रॉकेल, फिनेल पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नये. औषधं, नाणी, घड्याळाचे लहान सेल उंचावर ठेवावेत.

आणि लसीकरण. बाळ चालू लागलं, मोठं झालं, म्हणून कार्ड पेटीच्या तळाशी जातं. पण १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर असतो. 'अ' जीवनसत्त्वाचे डोस तर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी चालू राहतात. आज हा अंक वाचून झाला की ते कार्ड काढून तारीख बघा.

शेवटचं सांगणं घरातल्या मोठ्यांना, विशेषतः पुरुषांना. चालणाऱ्या मुलामागे दिवसभर धावणं हे सर्वांत थकवणारं काम आहे, आणि ते बहुधा एकटी आई करते. असरनंतर एक तास बाळाला घेऊन बाहेर जा. समुद्रावर, बंदरावर, नाहीतर नुसतं रस्त्याच्या कडेला कोंबड्या बघत. त्या तासात आईला काय करायचं ते तिचं तिला ठरवू द्या. आमची सून त्या तासात बहुतेक वेळा चहा गरम असतानाच पिते.

आणि वाटेत कुणी विचारलं, "बोलायला लागला का?" तर सलाम करून पुढे चालावं. पुढच्या अंकात भेटू, इन्शाअल्लाह.